हाफकिन : परळच्या पाटीवरील नावामागचा माणूस



गणपतीच्या दिवसांत आपल्यापैकी जे मुंबईला जातात, ते सहसा लालबागच्या राजाचे दर्शन घेतल्याशिवाय परतत नाहीत. काहींचे मुंबईला जाणे मात्र वेगळ्या कारणाने होते. घरातल्या कुणाला तरी परळच्या केईएममध्ये किंवा टाटा हॉस्पिटलमध्ये दाखवायचे असते. या दोन्ही वाटांवर, त्याच परळमध्ये, एका जुन्या वाड्यासारख्या इमारतीवर 'हाफकिन संस्था' अशी पाटी दिसते. साप चावल्यावर देतात ते औषध आणि पोलिओचे थेंब यांच्याशी हे नाव जोडलेले असल्याचे पुष्कळांनी ऐकलेले असते. पण हाफकिन हा कोण होता, हे विचारले तर बहुतेक जण कुणीतरी इंग्रज साहेब असेल असे म्हणतात. मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो.

तो इंग्रज नव्हता, आणि वैद्यकीय डॉक्टरही नव्हता. मात्र आपल्या आजी-पणजीच्या तोंडी ज्या प्लेगच्या गोष्टी होत्या, त्या प्लेगाविरुद्धची पहिली लस त्याने मुंबईत, भायखळ्याच्या एका खोलीत तयार केली. आधी ती स्वतःला टोचून घेतली, आणि पुढे न केलेल्या चुकीचा ठपकाही सोसला. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या संताचे किंवा देशभक्ताचे चरित्र येते. या वर्षी या परक्या माणसाची ओळख करून द्यावी असे वाटले.

ओडेसाचा विद्यार्थी

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू व्यापाऱ्याच्या घरी झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तिथल्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. त्यांचे गुरू होते इल्या मेचनिकोव्ह. शरीरातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळतात हे ज्यांनी दाखवले आणि पुढे १९०८ साली ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेच हे मेचनिकोव्ह.

तो काळ झारच्या जुलमाचा होता. तरुण हाफकिन क्रांतिकारकांच्या संपर्कात आले आणि त्यांना अटकही झाली. १८८१ मध्ये ज्यूंच्या वस्तीवर दंगलखोर चालून आले, तेव्हा वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहून ते जखमी झाले. शिक्षण पूर्ण झाले, पण विद्यापीठात प्राध्यापकाची जागा हवी असेल तर ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती व्हावे लागेल अशी अट होती. हाफकिन यांनी धर्म सोडला नाही, त्यामुळे जागाही मिळाली नाही. काही वर्षे त्यांनी तिथल्या प्राणिशास्त्रविषयक वस्तुसंग्रहालयात काम केले आणि १८८८ साली देश सोडला.

आधी जिनिव्हा आणि मग १८८९ साली पॅरिसची पाश्चर संस्था. तिथेही संशोधकाची जागा रिकामी नव्हती, ग्रंथालयात होती. त्यांनी ती घेतली. पुस्तकांचे काम सांभाळायचे आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. दाराशी मिळालेल्या जागेवरून आत शिरण्याची ही रीत आपल्यासारख्या नोकरीसाठी गाव सोडून आलेल्या माणसांना वेगळी समजावून सांगायला नको.

पॅरिसहून कलकत्त्याला

त्या काळात कॉलरा जगभर फिरत होता. १८९२ साली एकट्या हॅम्बुर्ग शहरात काही आठवड्यांत आठ हजारांवर माणसे गेली. हाफकिन यांनी कॉलऱ्याचे जंतू घेऊन दोन टप्प्यांची लस बनवली. आधी कमजोर केलेले जंतू टोचायचे आणि काही दिवसांनी जोरदार जंतू. पहिल्या टोचणीने शरीर तयार होते आणि दुसरी टोचणी ते पक्के करते, असा विचार. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी दुखले आणि काही दिवसांत ते बरे झाले. त्यानंतर मित्रांनी टोचून घेतली.

पण निरोगी माणसाला लस देऊन तो निरोगीच राहिला, यातून काही सिद्ध होत नाही. जिथे कॉलरा आहे तिथेच परीक्षा व्हायला हवी होती. पॅरिसमधले तेव्हाचे ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे आधी भारताचे व्हाइसरॉय होते. त्यांनी भारतात जाण्याचे सुचवले आणि १८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले.

सुरुवातीला आग्रा आणि उत्तरेकडील भागात फिरून त्यांनी हजारो लोकांना लस दिली. पण खरी कसोटी कलकत्त्याच्या झोपडपट्ट्यांत लागली. काट्टाल बागान नावाच्या वस्तीत १८९४ साली तलावाच्या पाण्यातून कॉलरा पसरला. परक्या माणसाला सुई घेऊन येताना पाहून लोक बिथरले. तेव्हा हाफकिन आणि त्यांच्या सोबतच्या भारतीय डॉक्टरांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतले, असे सांगतात. पुढे त्या वस्तीतील सुमारे २०० पैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तिथे दहा जणांना कॉलरा झाला आणि सात दगावले. हे सगळे लस न घेतलेल्यांपैकी होते.

१८९५ पर्यंत सुमारे ४२,००० लोकांना ही लस मिळाली होती. आसामच्या चहाच्या मळ्यांतील मजूरही त्यांत होते. शेवटी मलेरियाने शरीर खिळखिळे झाल्यामुळे हाफकिन यांना काही काळ युरोपात परतावे लागले. १८९६ मध्ये ते पुन्हा भारतात आले आणि त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून पळाली. पळणारी माणसे अर्थातच रेल्वेने गेली आणि प्लेगही रेल्वेने गेला. कल्याणसारख्या स्टेशनांवर गाड्या थांबवून तिसऱ्या वर्गाच्या उतारूंची तपासणी सुरू झाली. बायाबापड्यांना प्लॅटफॉर्मवर उभे करून परके पुरुष काखा तपासत. रेल्वेत नोकरी करणाऱ्या मला हे वाचताना नेहमी अस्वस्थ वाटते, कारण तो प्लॅटफॉर्म आमचाच होता.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा केला. कुणाच्याही घरात शिरावे, रोग्याला उचलून न्यावे, सामान जाळावे असे अधिकार सरकारला मिळाले. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घरे तपासताना जे केले, ते प्रत्येक मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक आहे. २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. टिळक प्लेगाच्या काळात पुणे सोडून गेले नव्हते. लोकांना सरकारी इस्पितळात जायची भीती वाटत होती, म्हणून त्यांनी हिंदू प्लेग इस्पितळ उभारायला पुढाकार घेतला. त्याच पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

आपला सार्वजनिक गणेशोत्सव तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. हे सगळे त्याच्या अवतीभवती घडत होते.

या गदारोळात हाफकिन ७ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईला पोहोचले होते. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. कामाचा ताण असा की त्यांपैकी एकाची प्रकृती बिघडली आणि दोघे सोडून गेले. हाफकिन मात्र दिवसरात्र तिथेच होते.

तुपाखाली वाढलेली लस

प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये येरसाँ या शास्त्रज्ञाने शोधला होता. तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत माणसाला होतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवले. म्हणजे हाफकिन लस करत होते तेव्हा रोग नेमका कसा पसरतो हेच कळलेले नव्हते.

त्यांची पद्धत एखाद्या वर्कशॉपच्या माणसालाही समजेल अशी आहे. मांसाच्या रसात जंतू वाढवायचे, पण युरोपात वापरतात तो गाईच्या मांसाचा रस इथे चालणार नाही आणि डुकराचाही नाही. म्हणून त्यांनी बकऱ्याचे मांस घेतले. रसावर तूप तरंगत ठेवले. तुपाच्या थेंबांना धरून जंतू वाढत आणि खाली लोंबकळत, गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळे लोंबतात तसे. बाटली हलवली की ते खाली पडत आणि तुपाखाली नवे वाढू लागत. सुमारे सहा आठवडे असे चालायचे. मग सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सिअसला तासभर तापवून जंतू मारायचे आणि दुसरे काही वाढू नये म्हणून थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे. त्या कार्बोलिक ॲसिडची आठवण ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना देण्यासाठी जी मात्रा ठरली तिच्या तिपटीहून अधिक त्यांनी घेतली होती. चांगलाच ताप आला, पण जिवाला धोका झाला नाही. त्यानंतर शहरातील कित्येक प्रतिष्ठित लोक पुढे आले.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जवळपास निम्म्या कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली. त्यांच्यापैकी दोघांना प्लेग झाला आणि दोघेही वाचले. लस न घेतलेल्यांत बारा जणांना झाला आणि सहा दगावले. त्याच वर्षी पोर्तुगीजांच्या दमणमध्ये मोठी साथ आली. तिथे लस घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६ गेले आणि न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२.

उंढेऱ्याची परीक्षा

आकडे इतके बोलके असूनही एक शंका राहत होती. दमणमध्ये लस घेणारे लोक कदाचित सुस्थितीतले, स्वच्छ घरांत राहणारे असतील आणि म्हणूनच वाचले असतील, असे कुणी म्हटले तर काय उत्तर द्यायचे?

याचे उत्तर १८९८ च्या फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंढेरा गावात मिळाले. तिथे घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस दिली आणि निम्म्यांना दिली नाही. एकच घर, एकच अन्न, तेच उंदीर, फरक फक्त लसीचा. ज्या २८ घरांत पुढे प्लेग शिरला तिथे लस न घेतलेल्यांपैकी २६ जण मेले आणि लस घेतलेल्यांपैकी तीन. आज कोणतेही नवे औषध बाजारात येण्याआधी ज्या प्रकारची तुलना करतात तिची बीजे यात आहेत. त्या २६ माणसांचा विचार मनात येतोच. लस तेवढी असती तर त्यांनाही मिळायला हवी होती. पण या परीक्षेनंतरच सरकारला आणि लोकांना लसीवर भरवसा ठेवायला कारण मिळाले, हेही तितकेच खरे.

हाफकिन यांनी केलेली दुसरी मोठी गोष्ट म्हणजे लोकांची मने वळवणे. त्यांचा भर जबरदस्तीपेक्षा स्वखुशीवर होता. आगाखान यांनी स्वतः लोकांसमोर लस घेतली, आपल्या खोजा समाजाला घ्यायला लावली आणि कामासाठी आपली वास्तू दिली. ज्या मुंबईत तपासणी पथकाला लोक दार उघडत नव्हते, त्याच मुंबईत हजारो माणसे आपण होऊन दंड पुढे करत होती. एकाच सरकारच्या एकाच साथीतील या दोन धोरणांचा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

हुबळी, बंगळूर आणि आपले म्हैसूर

प्लेग आपल्या भागात आला तो हुबळीकडून. हुबळीला तेव्हा सदर्न मराठा रेल्वेचे वर्कशॉप होते. आमच्या साउथ वेस्टर्न रेल्वेचे मुख्यालय आज तिथेच आहे. १८९८ साली तिथे मोठी साथ आली, आणि हाफकिन यांची लस तिथे फार मोठ्या प्रमाणावर, हजारो लोकांना दिली गेली. त्यात गिरणीकामगार होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये प्लेग रेल्वेमार्गे बंगळूरला पोहोचला आणि पुढे म्हैसूरला. बंगळूरमध्ये प्लेगमारीअम्माचे देऊळ आहे ते या साथीच्या आठवणीचे. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या ऐसपैस वस्त्या त्याच सुमाराला वाढल्या. म्हैसूरमध्ये १९०३ साली नगर सुधारणेसाठी स्वतंत्र मंडळ नेमले गेले. जुन्या म्हैसूरचे रुंद रस्ते आणि मोकळ्या पेठा पाहून आपण राजेसाहेबांचे कौतुक करतो ते योग्यच आहे, पण त्या रुंदीमागे प्लेगाची भीतीही होती.

लसीचे आणि म्हैसूरचे नाते तर याहूनही जुने आहे. १८०५ साली टॉमस हिकी या चित्रकाराने म्हैसूरच्या राजघराण्यातील तीन स्त्रियांचे चित्र काढले. त्यांतील एक जण पदर सारून आपला दंड दाखवते आहे. देवीची लस घेतल्याची खूण ती दाखवते आहे आणि राजघराण्याने घेतली तर प्रजाही घेईल यासाठीच ते चित्र होते, असे एका इतिहासकाराचे मत आहे.

माझ्या आजीकडे तिच्या आईने सांगितलेली एक आठवण होती. घरात उंदीर मरून पडला की सगळे गाव रानात जायचे, पिकांच्या कडेला झोपड्या बांधायचे आणि गावात फक्त कुत्री उरायची. लस पोहोचली नव्हती तिथे एवढाच उपाय लोकांच्या हाती होता.

मुलकोवालची बाटली

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. हाफकिन तिचे प्रमुख होते. चाळिशी गाठण्याआधी त्यांना हे यश मिळाले. पण सरकारी वैद्यकीय सेवेतील अनेक गोऱ्या अधिकाऱ्यांना हे रुचत नव्हते. हा रशियातून आलेला ज्यू आणि त्यातून वैद्यकीची पदवी नसलेला. अशा माणसाच्या हाताखाली डॉक्टरांनी काम करायचे, ही सल होती.

१९०२ साली पंजाब सरकारने प्लेगविरोधी लसीकरणाची मोठी मोहीम आखली. लाखो मात्रा हव्या होत्या आणि त्याही लवकर. ही मागणी पुरी करण्यासाठी परळमध्ये लस करण्याची पद्धत बदलली गेली. नवी पद्धत जलद होती आणि तीत कार्बोलिक ॲसिड वगळले होते. उष्णतेने जंतू मरतातच, असा त्यामागे विचार होता.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस दिली गेली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. आठवडाभरात त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या होत्या. हे १९ जण ५३-एन या एकाच बाटलीतून लस घेतलेले होते.

चौकशी आयोग नेमला गेला. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने असा निष्कर्ष काढला की बाटली उघडण्याआधीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच, ती दूषित झाली होती, आणि कार्बोलिक ॲसिड वगळणे ही मोठी चूक होती. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०४ साली ते लंडनला गेले आणि आपल्यावरचा ठपका पुसण्यासाठी झगडत राहिले.

कागदपत्रे १९०६ च्या अखेरीस उघड झाली तेव्हा वेगळेच चित्र दिसले. मुलकोवालला बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय बाटली भरून ४१ दिवस झाले होते. ती परळलाच दूषित झाली असती तर इतक्या दिवसांत तिला घाण वास सुटला असता. उघडताना तसा वास आला नव्हता. म्हणजे जंतू आत गेले ते बाटली उघडताना, असे मानायला भक्कम कारण होते.

मलेरियाचे कोडे सोडवणारे नोबेल विजेते रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण हाती घेतले. २९ जुलै १९०७ रोजी दहा नामांकित जंतुशास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये आले, आणि हाफकिन यांच्यावरचा आरोप शाबीत झालेला नाही असे त्यांनी जाहीरपणे मांडले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये हाफकिन यांना दोषमुक्त करून पुन्हा भारतात नेमणूक देऊ करण्यात आली. दुर्घटनेला पाच वर्षे झाली होती.

इथे आमच्या खात्यातील एक अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी एका डेपोत होतो. एका डब्याचा ॲक्सल वाटेत तापला आणि गाडी खोळंबली. रजिस्टरवर शेवटची सही एका टेक्निशियनची होती. ठपका त्याच्यावर ठेवून त्याची बदली झाली. दोन महिन्यांनी बेअरिंग उघडून पाहिले तेव्हा दोष आधीपासूनचा निघाला. कागद दुरुस्त झाला, पण तो माणूस परत आला नाही. शेवटची सही ज्याची त्याच्या माथी दोष मारणे सोपे असते. दोष नेमका कुठल्या टप्प्यावर आत शिरला हे शोधायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायची तयारी फार थोड्यांची असते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. घाईपोटी सुरक्षेचा एक थर काढून टाकला गेला होता, आणि तो निर्णय परळचाच होता. त्या थराने हे मृत्यू टळले असते का यावर तेव्हाही वाद होता. पण आपल्या कामात प्रत्येक सुरक्षा-साधनामागे कधीतरी घडलेला एखादा अपघात असतो, हे आपण सगळे जाणतो.

मुलकोवालची खरी किंमत मोजली ती पंजाबच्या जनतेने. लोकांचा लसीवरचा विश्वास उडाला, मोहीम बारगळली, आणि प्लेग थांबला नाही. एकट्या १९०७ साली देशात दहा लाखांहून अधिक माणसे प्लेगाने गेली. त्यांतील लाखो पंजाबातली होती.

पुन्हा भारतात, आणि अखेर

हाफकिन परतले, पण परळची जागा भरली गेली होती. त्यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत नेमले. तिथे लस बनवण्याची आणि लोकांवर परीक्षा घेण्याची सोय नव्हती. ज्याने एका खोलीतून देशभराची लस उभी केली, त्याला आता नुसते अभ्यासाचे काम उरले. पहिले महायुद्ध सुरू झाले त्या सुमारास ते सेवानिवृत्त होऊन फ्रान्सला गेले. नंतरच्या काळात त्यांनी लसीचे काम जवळजवळ सोडले आणि धर्माकडे व समाजसेवेकडे वळले. लग्न त्यांनी केले नाही. आपली पुंजी पूर्व युरोपातील ज्यू पाठशाळांसाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

मात्र त्याआधी एक गोष्ट त्यांना पाहायला मिळाली. १९२५ साली परळच्या त्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. तोपर्यंत मुंबईतून प्लेगच्या लसीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा गेल्या होत्या. १९६४ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही काढले.

आज आपण काय घ्यायचे?

१८९७ चा तोच साथरोग कायदा २०२० साली कोरोनाच्या वेळी पुन्हा वापरला गेला. त्या वेळी त्यात दुरुस्ती झाली ती डॉक्टर आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले रोखण्यासाठी. त्या वर्षी लालबागच्या राजाची मूर्तीही बसली नाही. मंडळाने आरोग्योत्सव केला आणि रक्तदान घडवले. १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झाले, आणि पुढे देशात २२० कोटींवर मात्रा दिल्या गेल्या. इतकी मोठी मोहीम दंडुक्याच्या जोरावर होत नाही, लोकांनी रांगेत उभे राहावे लागते. आणि लस घेतल्यावर कुणाला त्रास झाला तर त्याची नोंद घेऊन शोध घेणारी सरकारी व्यवस्था आज आपल्याकडे आहे. मुलकोवालच्या काळी ती नव्हती. ती व्यवस्था जितकी उघड आणि जितकी तत्पर असेल तितका लोकांचा भरवसा टिकेल. त्रास लपवला तर अफवा पसरतात, आणि घाईने कुणाला तरी दोषी ठरवले तरीही लस बदनाम होतेच.

शरीराला शत्रू ओळखायला शिकवणे हा हाफकिन यांच्या कामाचा गाभा होता. तीच कल्पना आज कॅन्सरपर्यंत पोहोचली आहे. रोग्याच्याच रक्तातील पेशी बाहेर काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत शरीरात सोडण्याचा, कार-टी नावाचा उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी देशातच विकसित केला. २०२३ साली त्याला मंजुरी मिळाली. परदेशात कोटींच्या घरात जाणारा हा खर्च इथे त्याच्या लहानशा भागात आला. तरी तो सामान्य माणसाच्या आवाक्यात अजून नाही, आणि तो आणणे हे यापुढचे सरकारी धोरणाचे काम आहे. हा उपचार ज्या टाटा हॉस्पिटलने पुढे आणला ते परळमध्येच, हाफकिन संस्थेच्या शेजारी उभे आहे.

आपण सगळे गाव सोडून हूटगळ्ळीला आलो. कुणी बेळगावहून, कुणी सोलापूरहून, कुणी साताऱ्याहून. इथल्या कन्नड सहकाऱ्यांनी आपल्याला सांभाळून घेतले. हाफकिन यांनाही मूळ गाव परत मिळाले नाही. जिथे गेले तिथल्या लोकांच्या खाण्यापिण्याचा आणि श्रद्धेचा मान राखून त्यांनी काम केले, म्हणून तर लसीत बकऱ्याचे मांस आणि तूप आले. पुढच्या वेळी परळला जाल तेव्हा त्या पाटीसमोर क्षणभर थांबा. घरात लहान मूल असेल तर त्याच्या लसीचे कार्ड एकदा काढून पाहा, एखादी तारीख राहून गेली असेल तर गौरी-गणपतीच्या गडबडीत ती आणखी पुढे ढकलू नका.

विघ्नहर्ता सर्वांना निरोगी ठेवो. गणपती बाप्पा मोरया!